इंजिन बदललं की लाइनी सैल पडतात, विमान डोलतं: कंट्रोल लाइन मॉडेलमधला पुन्हा पुन्हा येणारा दोष

कंट्रोल लाइन मॉडेल म्हणजे हातातल्या हँडलला दोन तारांनी (लाइनींनी) बांधलेलं, गोल फेऱ्या घेत उडणारं विमान. त्याची तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. जुन्या इंजिनावर विमान छान उडायचं. नवीन बसवलं, बोटांवर तोलून पाहिलं, बॅलन्स ठीक वाटला. तरी डोक्यावरून जाताना लाइनी सैल पडतात, नाहीतर सरळ फेरीत विमान सारखं वर-खाली डोलत राहतं. मग शेपटीला थोडं शिसं चिकटवलं जातं, रडर बाहेरच्या बाजूला वाकवला जातो, इंजिनाखाली वॉशर घालून त्याचं तोंड बाहेर वळवलं जातं. दोन रविवार बरे जातात आणि पुढच्या इंजिनाला किंवा नुसत्या नव्या प्रॉपेलरलाही तीच तक्रार परत येते.

मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असतं. इंजिन बदललं की सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, पुढे-मागे सरकतो, पण आतल्या, म्हणजे उडवणाऱ्याकडच्या, पंखाच्या टोकातून लाइनी जिथून बाहेर पडतात ते लीडआउट मात्र जुन्याच जागी राहतात. कंट्रोल लाइन विमान लीडआउटला टांगलेलं असतं. टांगायची जागा आणि वजनाचा मध्य यांच्यातलं अंतर बदललं की विमानाचं नाक आत किंवा बाहेर वळतं. म्हणून सीजी आणि लीडआउट ही जोडी नेहमी एकत्रच तपासायची. बाकीचे उपाय त्यानंतर.

खालचे आकडे एका साध्या ३५ साइजच्या प्रोफाइल स्टंट मॉडेलचे, म्हणजे सपाट फळीचं धड असलेल्या कसरतीच्या विमानाचे आहेत (इंजिन ०.३५ घनइंच, म्हणजे सुमारे ५.७ सीसी). इंजिन, प्रॉपेलर आणि रिकाम्या टाकीसकट वजन १२०० ग्रॅम, पंखाची सरासरी रुंदी २४० मिमी, मध्यापासून पंखाच्या टोकापर्यंत ६५० मिमी. तुमच्या विमानाचे आकडे घालून हाच हिशोब करा.

जुनं इंजिन काढण्याआधी

एकदा इंजिन निघालं की जुना सीजी कुठे होता हे कोणालाच आठवत नाही, म्हणून हे काम आधी करा. टाकी रिकामी हवी. दोन पेन्सिली खोडरबराची बाजू वर करून लाकडी ठोकळ्यात उभ्या ठोका, दोन्ही पंख बुंध्याजवळ त्यांवर टेकवा आणि विमान आडवं तोललं जाईल ती जागा शोधा. पंखाच्या पुढच्या कडेपासून ती किती मिलिमीटरवर आहे ते थेट पंखाखाली मार्करने लिहून ठेवा. बोटांच्या टोकांवर तोलताना ८-१० मिमीची चूक सहज होते, आणि पुढे दिसेल की सगळा खेळ तेवढ्यातच आहे.

स्टंट मॉडेलचा सीजी साधारणपणे पंखाच्या सरासरी रुंदीच्या १५ ते २५ टक्क्यांत असतो. शिकाऊ विमानाला १५ ते २० बरा, फ्लॅप आणि मोठी शेपटी असलेल्याला २० ते २५ चालतो. आपल्या उदाहरणात तो २० टक्क्यांवर, म्हणजे पुढच्या कडेपासून ४८ मिमीवर होता असं धरू. लीडआउटच्या दोन भोकांचा मध्य ७० मिमीवर, म्हणजे सीजीच्या २२ मिमी मागे.

आता दोन्ही इंजिनं वजन करा. १ ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. मफलर, प्रॉपेलर, नट, वॉशर, स्पिनर, जे जे उडणार आहे ते सगळं काट्यावर हवं. कंपनीच्या कागदावरच्या वजनावर विसंबू नका, ते पुष्कळदा मफलरशिवायचं असतं.

हिशोब

जुनं इंजिन उघड्या एक्झॉस्टचं, १९० ग्रॅम. नवीन मफलरसकट २९० ग्रॅम. इंजिनाचा मध्य सीजीच्या पुढे १७० मिमी. फरक १०० ग्रॅम, गुणिले १७०, म्हणजे १७,००० ग्रॅम-मिमी. नवीन एकूण वजन १३०० ग्रॅम. भागाकार केला की १३ मिमी येतात. म्हणजे सीजी ४८ वरून ३५ मिमीवर आला, २० टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास.

हे विमान पडणार नाही, पण वळणार नाही. हँडल पूर्ण ओढलं तरी लूप मोठा होईल आणि खाली येताना जमिनीची भीती वाटेल. सीजी जुन्या जागी आणायचा तर शेपटीत, सीजीपासून ५०० मिमीवर, १७,००० भागिले ५०० म्हणजे ३४ ग्रॅम शिसं लागेल.

इथे थोडं थांबायला हवं, कारण ‘३४ ग्रॅम तर आहे’ म्हणून शिसं चिकटवलं जातं आणि विमान कायमचं जड होऊन बसतं. वळण्याला होणारा विरोध वजन गुणिले अंतराचा वर्ग असा वाढतो. नाकातले जादा १०० ग्रॅम १७० मिमीवर आहेत, त्यांचा हिशोब सुमारे २९ लाख येतो. शेपटीतल्या ३४ ग्रॅमचा ५०० मिमीवर ८५ लाख. म्हणजे एवढंसं शिसं नाकातल्या अख्ख्या जादा वजनाच्या जवळजवळ तिप्पट जडपणा आणतं. कोपरा घेताना विमान उशिरा वळायला लागतं आणि वळल्यावर थांबायच्या जागी थांबत नाही, थोडं पुढे जाऊन डुलतं. हे डुलणं पाहून लोक सीजी मागे गेला असं समजतात आणि नाकात पुन्हा वजन घालतात. अशी दोन्ही टोकांना शिसं लटकवलेली विमानं मैदानावर नेहमी दिसतात.

म्हणून शिशाआधी हे पाहा. इंजिन मागे सरकवता येतं का? टाकी आणि बॅकप्लेट (इंजिनाचं मागचं झाकण) यांच्यात जागा असेल तर २० मिमी मागे घेतल्यावर २९० गुणिले २०, म्हणजे ५,८०० ग्रॅम-मिमी वाचतात आणि शिसं ३४ वरून २२ ग्रॅमवर येतं. नायलॉनचा जाड प्रॉपेलर काढून तेवढ्याच मापाचा लाकडी लावला तर साधारण १५ ग्रॅम कमी होतात. प्रॉपेलर सीजीपासून २३० मिमी पुढे असल्यामुळे शेपटीतलं आणखी ७ ग्रॅम शिसं वाचतं. ॲल्युमिनियमचा स्पिनर शोभेचा असेल तर काढा. राहिलेल्या १५ ग्रॅमपैकीही अर्धंच घाला आणि सीजी ३-४ मिमी पुढे राहू द्या. हँडलवर दोन लाइनींमधलं अंतर ५-६ मिमी वाढवलं की तेवढं भरून निघतं.

शिसं म्हणून टायरच्या दुकानात चाक बॅलन्स करायला वापरतात त्या चिकटपट्टीच्या तुकड्यांसारखं सोयीचं काही नाही. ५ आणि १० ग्रॅमचे तुकडे मिळतात, नाशिकमध्ये द्वारका सर्कलपासून अंबडपर्यंत कुठल्याही टायरवाल्याकडे विचारा. फक्त त्यांच्या स्वतःच्या गोंदावर भरवसा ठेवू नका. इंधनातलं एरंडेल तेल त्याखाली शिरतं आणि तुकडा उडतानाच निघतो. चाचणीपुरती वरून टेप मारा, जागा पक्की झाली की इपॉक्सी लावा.

हलकं इंजिन बसवलं तर

हे उलट प्रकरण जास्त धोक्याचं आहे. ४६ काढून २५ बसवलं, १०० ग्रॅम कमी झाले, सीजी तेवढाच मागे गेला. जड नाकाचं विमान नुसतं आळशी होतं, मागे गेलेल्या सीजीचं विमान पहिल्याच फेरीत हातातून जाऊ शकतं. हँडल जरा हललं की ते उसळतं, आणि त्याच वेळी लीडआउट सीजीच्या तुलनेत पुढे आल्यामुळे नाक आत वळून लाइनीही सैल होतात. दोन्ही दोष एकदम येतात.

भरपाई नाकात करायची तर प्रॉपेलरच्या मागे जेमतेम २०० मिमीचं अंतर मिळतं. १७,००० भागिले २०० म्हणजे ८५ ग्रॅम. शंभर ग्रॅम वाचवले आणि पंच्याऐंशी शिशात घातले, असा व्यवहार करू नये. हलकं इंजिन बसवताना ते पुढे न्या. बेअररला, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं त्या लाकडी पट्ट्यांना, पुढून लांबी असेल तर २५-३० मिमी पुढे नेणं शक्य असतं. नसेल तर त्या विमानाला ते इंजिन लावूच नका, हे आमचं स्पष्ट मत आहे.

लीडआउट

लाइनी हवेत मागच्या बाजूला किंचित कमान घेतात, कारण वारा त्यांना मागे ढकलतो. म्हणून लीडआउट सीजीच्या थोडे मागे हवेत. १५ ते १८ मीटर लांब, ०.३८ मिमी जाड लाइनींवरच्या ३५-४० साइजच्या विमानाला सुरुवात २० ते २५ मिमीवरून करा.

यापेक्षा मागे गेले तर नाक बाहेर वळतं. लाइनी ताठ वाटतात, पण विमान तिरकं उडतं, वेग मरतो, कोपऱ्यात पंख गडगडतात. पुढे आले तर नाक आत वळतं आणि डोक्यावर लाइनी सैल होतात. आपल्या उदाहरणात जड इंजिनाने सीजी ३५ मिमीवर नेला, लीडआउट ७० वरच राहिले, अंतर २२ चं ३५ झालं. हे नुसतं उडवून ओळखता येत नाही, लोक म्हणतात इंजिन कमी पडतंय.

घरी पाच मिनिटांत होणारी एक तपासणी आहे. दोन्ही लीडआउटच्या टोकांना सारख्या लांबीची दोरी बांधा, एलिव्हेटर (शेपटीवरची वर-खाली हलणारी पट्टी) सरळ ठेवा आणि विमान खिडकीच्या गजाला किंवा दाराच्या वरच्या चौकटीला टांगा. विमान आतला पंख वर, बाहेरचा खाली असं लोंबेल. झुलायचं थांबू द्या, पंखा बंद करा. आता बाजूने पाहा. फ्यूजलाज (धड) अगदी आडवी नसेल, नाक जरा खाली असेल. लीडआउट २२ मिमी मागे आणि पंख ६५० मिमी असेल तर हा झुकाव सुमारे २ अंश येतो. ९०० मिमी लांब फ्यूजलाजमध्ये नाकाचं टोक शेपटीपेक्षा साधारण ३० मिमी खाली दिसायला हवं. ३५ मिमी अंतर झालं असेल तर हाच आकडा ४८ मिमीच्या आसपास येतो. नाक आडवं किंवा वर असेल तर ते विमान मैदानावर नेऊच नका. जमिनीपासून नाक आणि शेपूट दोन्ही टेपने मोजा. नजरेला ३० आणि ४८ सारखेच वाटतात, टेपला नाही.

जुन्या विमानांत लीडआउट पंखाच्या टोकात कायमचे चिकटवलेले असतात, आणि दोष परत परत येण्याचं हेच खरं कारण. एकदाच त्रास घ्या आणि सरकता गाइड बसवा. पंखाच्या टोकाच्या रिबला ३ मिमी प्लायची पट्टी चिकटवा, तिच्यात ८० मिमी लांब आणि ३ मिमीच्या स्क्रूला जागा देणारी खाच पाडा. दुसऱ्या छोट्या प्लायच्या तुकड्यात दोन पितळी नळ्या किंवा आयलेट बसवा आणि तो तुकडा खाचेवर स्क्रूने आवळा. लीडआउट ज्या कडेवर घासतो ती कडा गुळगुळीत हवी. पितळी नळीचं तोंड आतून शंकूच्या आकाराच्या घासायच्या दगडाने किंवा जाड ड्रिल बिट हाताने फिरवून मोकळं करा, नाहीतर ती लीडआउट केबलचे पदर एकेक करून कापते.

पुढचा नियम सोपा. सीजी किती मिमी सरकला, गाइडही त्याच दिशेला तितकाच सरकवा. नंतरची बारीक दुरुस्ती एका वेळी ३ मिमी.

टोकाचं वजन आणि मफलर

बाहेरच्या पंखाच्या टोकातलं शिसं लाइनींचं वजन आणि आतला लांब पंख तोलण्यासाठी असतं, साधारण १५ ते ४० ग्रॅम. इंजिन बदलताना याकडे कोणी पाहत नाही. प्रोफाइल विमानात इंजिन आडवं असतं आणि सिलिंडर, मफलर दोन्ही बाहेरच्या बाजूला येतात. ८० ग्रॅमचा मफलर मध्यरेषेपासून ५० मिमी बाहेर असेल तर ४,००० ग्रॅम-मिमी होतात, म्हणजे ६५० मिमीवरच्या टोकात ६ ग्रॅम घातल्यासारखं. तेव्हा मफलर लावला की टोकातून ५ ग्रॅम काढून सुरुवात करा.

ओळखायचं असं. सुलट्या आणि उलट्या दोन्ही फेऱ्यांत बाहेरचा पंख खाली दिसत असेल तर टोकाचं वजन जास्त आहे. दोन्हींत वर असेल तर कमी. सुलट उडताना वर आणि उलट उडताना खाली, असं बदलत असेल तर वजनाला हात लावू नका. तो पंखाचा पीळ आहे, फ्लॅप वाकडे आहेत, किंवा इंजिन उभ्याचं उलटं केल्यामुळे वजनाचा मध्य लीडआउटच्या पातळीपासून वर-खाली गेला आहे.

सैल लाइनी आणि फेरीचा वेळ

लाइनीतला ताण नुसत्या वजनावर ठरत नाही, वेगावर जास्त ठरतो. १३०० ग्रॅमचं विमान, हातापासून मध्यापर्यंत १९.५ मीटर त्रिज्या, एक फेरी ५.३ सेकंदांत: वेग सुमारे २३ मीटर प्रति सेकंद, ताण साधारण ३.६ किलो. डोक्यावर असताना विमानाचं स्वतःचं वजन त्यातून वजा होतं, २.३ किलो उरतात. तेच विमान ६.५ सेकंदांना फेरी घेत असेल तर ताण २.४ किलो, आणि डोक्यावर १.१. एवढ्याशा ताणात वाऱ्याची एक झुळूक पुरते.

तेव्हा लीडआउटला हात लावण्याआधी मोबाइलच्या स्टॉपवॉचवर १० फेऱ्या मोजून भागा. नवीन इंजिनावर फेरी सहा सेकंदांच्या वर गेली असेल तर प्रॉपेलर जुळत नाही किंवा नीडल (इंधन कमी-जास्त करणारी सुई) फार रिच, म्हणजे जास्त इंधन सोडणारी, आहे, बॅलन्सचा संबंध नाही. जुन्या ३५ ला चालणारा १० बाय ६ (१० इंच व्यास, ६ इंच पिच) प्रॉपेलर प्रत्येक इंजिनाला मानवेलच असं नाही. आधुनिक पोर्टिंगची इंजिनं कमी पिच आणि जास्त आरपीएमवर खूश असतात.

लाइनी फक्त डाउन एलिव्हेटरच्या कोपऱ्यात सैल पडत असतील आणि अपच्या कोपऱ्यात ताठ राहत असतील तर संशय जड प्रॉपेलरवर घ्या. फिरता प्रॉपेलर भोवऱ्यासारखा वागतो. नेहमीच्या दिशेने फिरणाऱ्या प्रॉपेलरमध्ये अप दिलं की नाक बाहेरच्या पंखाकडे वळतं, डाउन दिलं की आतल्या. विमान उलटं असलं तरी हेच. हलका लाकडी प्रॉपेलर लावा, मग गरज वाटली तर गाइड ३ मिमी मागे.

इंजिनाचं तोंड बाहेर वळवणं आणि रडर वाकवणं यांवर आमचा फारसा विश्वास नाही. एक-दोन अंश ठीक. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर लीडआउट चुकीच्या जागी आहेत आणि आपण चूक दुसरीकडून झाकतो आहोत.

नवीन भोकं

इंजिनाच्या लगची (स्क्रू लावायच्या कानांची) भोकं क्वचितच जुळतात. जुन्या भोकाला अर्धं खाऊन नवीन भोक पाडणं ही सर्रास होणारी चूक. असा स्क्रू दुसऱ्या-तिसऱ्या उड्डाणात कलतो, इंजिन थरथरतं, थरथरीने टाकीतल्या इंधनाला फेस येतो, इंजिन मधूनच लीन होऊन (इंधन कमी पडून) ओरडतं आणि माणूस नीडल फिरवत बसतो.

जुनं भोक आधी बुजवा. भोकातलं तेल थिनरने दोन-तीनदा पुसा, इअरबडला तेल लागायचं थांबेपर्यंत. त्यात बांबूची काडी किंवा कडक लाकडाचा डोवेल ३० मिनिटांच्या इपॉक्सीत बुडवून ठोका. ५ मिनिटांचं इपॉक्सी इथे नको, गरम इंजिनाखाली ते मऊ पडतं. दुसऱ्या दिवशी नवीन भोक. बेअरर पूर्ण तेलकट, काळे पडले असतील तर बदलाच. लाकडाच्या वखारीत स्टीम बीच (बीचचं वाफवलेलं लाकूड) मिळतो, तो उत्तम. सागवानाचे तुकडे नाशिकच्या कुठल्याही सुताराकडे पडलेले असतात आणि मोह होतो, पण सागवान मुळातच तेलकट असतं. चिकटवण्याच्या पाच मिनिटं आधी ॲसिटोनने पुसलं नाही तर इपॉक्सी सालपटासारखं निघतं.

लगखाली १.५ ते २ मिमीची ॲल्युमिनियम पट्टी घाला, लाकूड दबत नाही. बेअररमधलं अंतर नवीन क्रँककेसला अरुंद असेल तर लाकूड कोरण्यापेक्षा सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या छोट्या मशीन शॉपमधून ३ मिमी ॲल्युमिनियमची अडॉप्टर प्लेट कापून घ्या. कागदावर इंजिन ठेवून पेन्सिलने आखलेला नकाशा त्यांना पुरतो. प्लेटचं वजन हिशोबात धरायला विसरू नका. पहिल्या टाकीनंतर इंजिन गार झालं की चारही स्क्रू पुन्हा आवळा.

टाकीची उंची

टाकीचा आडवा मध्य इंजिनाच्या व्हेंच्युरीत (हवा आत घेणाऱ्या नळीत) इंधन जिथून बाहेर येतं त्या छिद्राच्या पातळीत हवा. काही इंजिनांत नीडल मागे बॅकप्लेटवर असते, तिच्याशी टाकी जुळवली जाते आणि सगळं चुकतं. छिद्र पाहा, नीडल नाही.

उडवून खात्री करा. सुलट दोन फेऱ्या, उलट दोन फेऱ्या, दोन्हींचा वेळ सारखा हवा. उलट उडताना इंजिन लीन होऊन पळत असेल तर टाकी वर आहे, खाली घ्या. उलट रिच होऊन जड पडत असेल तर टाकी वर उचला. एका वेळी दीड मिमी. टाकी आणि फ्यूजलाज यांच्यामध्ये ६ मिमी फोमची पट्टी ठेवा, फेस येत नाही.

भरलेल्या टाकीचाही बॅलन्सवर परिणाम होतो. १२० मिली इंधन म्हणजे सुमारे १०० ग्रॅम. टाकी सीजीच्या ८० मिमी पुढे असेल तर उड्डाणाच्या सुरुवातीला सीजी जवळजवळ ६ मिमी पुढे असतो आणि इंधन संपत येईल तसा मागे येतो. ‘पहिली तीन मिनिटं छान, शेवटी डोलतं’ या तक्रारीचं उत्तर इथेच आहे. रिकाम्या टाकीवर तोललेला सीजी फार मागे आहे, तो ४-५ मिमी पुढे घ्या.

सीजी बरोबर, लीडआउट बरोबर, तरी डोलतं

मग कंट्रोलमध्ये अडकण आहे. विमान नाक वर करून धरा आणि लीडआउट मोकळे सोडा. एलिव्हेटर स्वतःच्या वजनाने इकडून तिकडे पडला पाहिजे. कुठेही थबकला तर कारण शोधा. जुन्या इंजिनाचं एरंडेल लीडआउटच्या नळ्यांत आणि बिजागरीत वाळून लाखेसारखं चिकट होतं. इअरबडला थिनर लावून काढा, कापडावर आणि रंगावर सांडू देऊ नका. इंजिनाचं काम करताना पुशरॉडवर (एलिव्हेटर हलवणाऱ्या दांडीवर) इपॉक्सीचा थेंब पडला आहे का पाहा, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. दुसरीकडे हॉर्नमधलं (पुशरॉड जोडायच्या एलिव्हेटरवरच्या कानातलं) भोक झिजून सैल झालं असेल तर तेही डोलण्याचं कारण. बेलक्रँक, म्हणजे लीडआउट जिला जोडलेले असतात ती फिरती पट्टी, हाताने घट्ट धरून एलिव्हेटरची मागची कड हलवा. १ मिमीपेक्षा जास्त हलली तर हॉर्न बदला.

नाशिकची हवा

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, म्हणजे हवा मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास पातळ. मुंबईत लावलेली नीडल इथे रिच पडते, थोडी आत घ्यावी लागते. जानेवारीच्या सकाळी १० अंशांना लावलेली नीडल मे महिन्यातल्या ३८ अंशांना तशीच ठेवली तर फरक आणखी नऊ टक्क्यांचा. इंजिन बदलल्यानंतरची चाचणी सकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान करा. नंतर वारा सुटतो आणि दोष विमानाचा की वाऱ्याचा हे कळत नाही.

जागा निवडताना वर बघा. लाइनीची लांबी, हात आणि चालत सरकण्याची जागा धरून ३० मीटरच्या आत कुठेही विजेची तार नको. स्टीलच्या लाइनी थेट तुमच्या मुठीपर्यंत येतात. एकलहऱ्याच्या वीज केंद्राकडून निघणाऱ्या उच्चदाब लाइनींच्या जवळची मोकळी शेतं कितीही सपाट असली तरी सोडून द्या. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानासारखी सकाळी फिरणाऱ्यांची जागाही या कामाची नाही.

इंजिन बदलल्यावर वजन वाढलेलं असतं, म्हणून पुल टेस्ट नव्याने करा. वजनाच्या १० पट ताण धरा. १.३५ किलोच्या विमानाला साडेतेरा किलो. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा हँडलला अडकवा, सोबत्याला बेलक्रँकजवळ विमान दोन्ही हातांनी धरायला सांगा आणि सावकाश ओढा, झटका नको. नंतर लीडआउटची टोकं, बेलक्रँकचा बोल्ट आणि लाइनींचे हूक पाहा. केबलचा एक जरी पदर तुटून काट्यासारखा वर आला असेल तर तो लीडआउट बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. बोट फिरवून पाहू नका, कापडाचा तुकडा फिरवा, तुटलेला पदर असेल तिथे कापड अडकतं.

पहिल्या उड्डाणाला नीडल रिच ठेवा, अर्धी टाकी, फक्त सरळ फेऱ्या. उतरल्यावर वहीत फेरीचा वेळ, सीजी, गाइडची जागा, टोकाचं वजन आणि प्रॉपेलर लिहा. मग एकच गोष्ट बदला आणि पुन्हा उडवा.